परका माणूस पाहिजे

विठाबाई बाजारातून आल्या आणि केरबा चौगुल्यांनी त्यांना घराच्या उंबऱ्यावरच अडवलं.

"पिशवीत काय हाय?"

"मेथी."

"मेथीखाली?"

"कांदं."

"आणि कांद्याखाली?"

विठाबाईंनी पिशवी उलटी करून नवऱ्याच्या पायांवर ओतली. कांद्याखाली वांगी निघाली. केरबांनी वाकून ती पाहिली, समाधानाने मान डोलावली आणि विठाबाईंना आत जायची परवानगी दिली.

केरबांची सगळी नोकरी एका सहकारी साखर कारखान्याच्या मुख्य फाटकावर गेली होती. शिपाई म्हणून लागले आणि सगळ्या पहारेकऱ्यांचे मुकादम होऊन बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे कारखान्यातून. फाटक काही त्यांच्यातून बाहेर पडलं नाही. फुलेवाडीतल्या घराच्या सोप्यावर खुर्ची टाकून ते बसत आणि गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करत. दूधवाल्याची किटली उघडून बघत. पोस्टमनला ओळखपत्र मागत. हे सगळं गल्लीने सोसलं. पण मुलीच्या सासूबाई, म्हणजे साक्षात विहीणबाई, आजऱ्याहून काजू घेऊन आल्या तेव्हा केरबांनी त्यांना उन्हात उभं केलं आणि "कुणाला भेटायचं? थांबा, इचारून येतो," म्हणून आत गेले.

त्या दिवशी विहीणबाई गेल्यावर विठाबाईंनी निकाल दिला. दहा ते पाच या घरात नवरा दिसता कामा नये. कुठे जातो ते त्या विचारणार नाहीत, काय करतो तेही विचारणार नाहीत. पण दिसला, तर त्या वारणानगरला भावाकडे निघून जातील.

"आणि जाताना पिशवी तपासायला देणार न्हाय," त्या म्हणाल्या.

केरबा घाबरले. बायको नुसतं ओरडली तर ते घाबरत नसत, पण हिने वेळ ठरवून दिली होती. सरकारी काम दिसत होतं.

मार्ग काढला पुतण्याने. अमरसिंह या पुतण्याची सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी होती. त्याने सांगितलं की, हल्ली कुणालाही टोपी-शिट्टी देऊन दारात उभं करता येत नाही. रक्षकाला परवाना पाहिजे, परवान्याआधी प्रशिक्षण पाहिजे, आणि ते देणाऱ्याकडे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र पाहिजे. उचगावजवळ एका केंद्रात त्या प्रमाणपत्राचा वर्ग सुरू होत होता. काकांनी तेवढं मिळवलं की एजन्सीत त्यांना टेबल, खुर्ची आणि पंखा. वेळ दहा ते पाच.

वेळ ऐकताच केरबांनी फीचा आकडासुद्धा विचारला नाही.

वर्गात त्यांचं बरं चाललं. आग लागली तर काय करायचं, माणूस बेशुद्ध पडला तर काय करायचं, पंचनाम्याला पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, हे सगळं त्यांनी मन लावून ऐकलं. फक्त त्यांना शंका फार. आग विझवायच्या नळकांड्यात नेमकं काय असतं, ते कुठे भरतात, भरणारा कुठला, हे ते विचारत. शिकवणाऱ्यांनी नळकांड्याचं सांगितलं, पण भरणाऱ्याचं गाव त्यांना माहीत नव्हतं. केरबांच्या मनातून ते थोडे उतरले.

परीक्षा घ्यायला नागपूरहून पूर्णिमा बिसेन नावाच्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि नियमांच्या पुस्तिकेवर सज्जन माणसावर ठेवावा तसा गाढ विश्वास ठेवणाऱ्या. प्रात्यक्षिक कसं होईल ते त्यांनी समजावलं. प्रत्येक उमेदवाराला चिठ्ठी टाकून एक नवखा रक्षक मिळेल. त्याला तयार करायचं आणि केंद्राच्या फाटकावर उभं करायचं. मग एक परका माणूस येईल आणि काहीतरी थाप मारून आत शिरायचा प्रयत्न करील. एकदा नव्हे, तीनदा. तो आत शिरला की उमेदवार नापास.

"एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "परका माणूस उमेदवाराच्या किंवा रक्षकाच्या नात्यातला नको. नातं निघालं तर परीक्षा रद्द. पुन्हा घ्यायची."

त्या जिथून आल्या होत्या तिथे ही अट किरकोळ असेल. कोल्हापुरात ती लावणं म्हणजे पंचगंगेत उतरून अंग कोरडं ठेवायला सांगणं होतं, हे मॅडमना कोणी सांगितलं नाही.

केरबांच्या चिठ्ठीत सोमशेखर निघाला. गडहिंग्लजकडचा, पस्तिशीचा, तोंडभर हसणारा. फाटकावर उभं राहण्याचा त्याला अनुभव होता. पण तो मंगल कार्यालयाच्या फाटकावर. येईल त्याच्या हाताला अत्तर लावायचं, डोक्यावर गुलाबपाणी शिंपडायचं आणि "जेवून जावा" म्हणायचं, हे काम त्याने कित्येक लग्नसराया निष्ठेने केलं होतं. आलेल्या माणसाला आत सोडायचं नसतं, ही कल्पनाच त्याला नवीन होती.

"मग त्यो येतोय कशाला, आत सोडायचं नसलं तर?" त्याने विचारलं.

केरबांनी त्याला आपली विद्या दिली. ती पुस्तिकेत नव्हती. त्यांचं म्हणणं असं की, ओळखपत्र खोटं करता येतं, नाव खोटं सांगता येतं, काम तर सगळेच खोटं सांगतात. पण मामाचं गाव पटकन खोटं सांगता येत नाही. तिथे माणूस चाचरतो.

"चोराला मामा नसतोय," केरबा म्हणाले. "नाव इचार, गाव इचार, गल्ली इचार, आणि मग हळूच मामाकडं ये. खरा असला तर सांगून मोकळा हुतोय. खोटा असला तर पळतोय."

सोमशेखरला हे इतकं आवडलं की अत्तर लावायचा हात आपोआप खाली आला. सरावासाठी केरबांनी स्वतःचाच गोतावळा वापरला. मी कोण, माझी बायको कुठली, तिचे मामा कुठले, त्यांच्या सुना कुठल्या. सोमशेखरने तो सगळा पाठ केला. परीक्षेच्या दिवसापर्यंत चौगुल्यांच्या घराण्याची त्याला जेवढी माहिती होती तेवढी चौगुल्यांच्या मुलीलाही नव्हती.

पहिला परका माणूस आला तो बाळासो नावाचा, आजऱ्याचा. त्याने काजूचा व्यापारी असल्याची थाप मारायची होती. ती त्याला मारता आलीच नाही. सोमशेखरने नाव विचारलं, गाव विचारलं, गल्ली विचारली, आणि मामाचं गाव विचारताच बाळासो सरळ खरं सांगून गेला. केरबा नियमाप्रमाणे लांब लिंबाच्या झाडाखाली गप्प उभे होते. मॅडम खिडकीतून पाहत होत्या. फाटकावर दोघांची बोटं मोजणं सुरू झालं. थोड्या वेळाने सोमशेखर ओरडला, "साहेब, हे तुमच्या मंडळींच्या मावसभावाचं साडू लागत्यात की."

केरबांना राहवलं नाही. ते झाड सोडून पळत आले. "म्हणजे शिवाजीचं साडू? अवं, मग लग्नात का न्हाय दिसलासा?"

बाळासो लग्नाला का नव्हते याचं कारण मोठं होतं आणि ते दोघांनी उभ्याउभ्याच ऐकलं. मॅडमनी खाली येऊन शांतपणे विचारलं, "नातं आहे?" केरबा म्हणाले की व्हय, आणि जवळचं हाय. मॅडमनी परीक्षा रद्द केली.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी काळजी घेतली आणि माणूस जिल्ह्याबाहेरून, निपाणीहून आणला. तंबाखूचा दलाल होता. त्याने आल्याआल्या दरडावलं, तेही कानडीत. एवढी एकच चूक त्याने केली. सोमशेखरचा चेहरा उजळला. तोही कानडीत सुरू झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला त्याने त्या माणसाचे पाय धरले. तो त्याच्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे कानडीत मावा, निघाला. "मावा, वळखलंच न्हाय, मिशा कधी काढलासा?" असं तो मराठीत म्हणाला ते केवळ मॅडमना कळावं म्हणून. पुन्हा रद्द.

तिसऱ्या खेपेला विश्वजित नावाचा तरुण आला. बिद्रीकडचा. याला मॅडमनी बजावून पाठवलं होतं की खरं एक अक्षर सांगायचं नाही. त्याने नाव खोटं सांगितलं, गाव खोटं सांगितलं, गल्लीही रेटून सांगितली. मामाच्या गावाला मात्र तो चाचरला. सोमशेखर त्याच्याकडे रोखून बघत राहिला. विश्वजितला घाम फुटला, आणि तेवढ्यात झाडाखालून केरबांनी त्याला नीट पाहिलं.

हा लग्नाआधी आपल्या मुलीला, अनुजाला, बघायला आलेला मुलगा. पोहे खाऊन गेला आणि पुन्हा काही कळवलं नाही.

"काय पावणं," केरबा झाडाखालूनच म्हणाले, "पोहे गोड लागलं न्हवं त्या वक्ताला?"

विश्वजितने मोटारसायकलला लाथ मारली आणि तो गेला. मग त्याचा फोनही लागेना. केरबांचं म्हणणं की, परका माणूस पळाला म्हणजे आपण जिंकलो. मॅडमचं म्हणणं की, त्याने तीनदा प्रयत्न करायला हवा होता, त्याने एकदाच केला आणि पळाला. परीक्षा पूर्णच झाली नाही. शिवाय न झालेला जावई नात्यात धरायचा की नाही याबद्दल पुस्तिकेत काही नव्हतं. त्यांनी पुस्तिका दोनदा चाळली आणि बोटांनी कपाळ दाबलं. एव्हाना बाकीच्या उमेदवारांचे निकाल लागून ते घरी गेले होते. कुणी पास, कुणी नापास. लटकलेले होते ते एकटे केरबा.

विचारणार नाही म्हणालेल्या विठाबाई घरी रोज पाचनंतर विचारायच्या, काय झालं. केरबा सांगायचे, रद्द. पहिल्या दिवशी विठाबाईंच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी केरबांना घरात चकलीचा वास आला आणि सोप्यावर बायकांच्या चपलांचा ढीग दिसला. त्यांच्या अंगाला चपला मोजायची खाज सुटली, पण त्यांनी हात मागे बांधले. प्रमाणपत्र नाही मिळालं तर हे दार आपल्याला दहा ते पाच बंद, आणि बाहेर कुठलं उघडं नाही, हे त्यांना रात्रंदिवस छळत होतं. म्हातारपणी माणसाने बसायचं तरी कुठे? देवळात बसावं तर तिथेही लोक येतात-जातात, आणि त्यांना विचारायचं नाही म्हणजे शिक्षाच.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता परका माणूस मीच बनते."

त्या साधा पंजाबी ड्रेस घालून, खांद्याला बॅग लावून रिक्षाने फाटकावर उतरल्या. सोमशेखरने सलाम ठोकला.

"सलाम नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मला ओळखत नाही असं समजा."

"समजायचं काय त्यात? वळखतच न्हाय की आम्ही. तुमचं गाव तरी कुठं ठाव हाय आम्हास्नी."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

"मग, गाव कुठलं?"

"गोंदिया जिल्हा. आमगावच्या जवळ."

सोमशेखरने डोक्यातला नकाशा उघडला. तो सोलापूरच्या थोडा पुढे जाऊन संपत होता. "त्याच्या फुडं काय लागतंय?"

"छत्तीसगड."

"आणि मामा?"

"बालाघाटला. मध्य प्रदेशात."

एकदाही न चाचरता उत्तरं येत होती. म्हणजे माणूस खरा. पण पुढे धागाच जुळेना. सोमशेखरने सासर विचारलं. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. इकडे कारखान्यात कोणी, पलटणीत कोणी, तालमीत कुस्ती शिकायला आलेला चुलतभाऊ वगैरे कोणी? कोणी नाही. झाडाखाली केरबांची अवस्था वाईट होती. बालाघाट हे नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"तिकडं ऊस हुतोय का?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"उमेदवाराने बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "भात होतो."

सोमशेखरने टोपी काढून डोकं खाजवलं. इतक्या चौकशीनंतर समोरच्या बाईचं जिल्ह्यात एकही माणूस निघू नये, असं त्याच्या आयुष्यात घडलं नव्हतं. त्याला संशय आला नाही. त्याला वाईट वाटलं.

"जेवण कुठं करताय?"

"हॉटेलमध्ये."

"रोज?"

"रोज."

सोमशेखरने टोपी स्टुलावर ठेवली आणि फोन लावला. कर्तव्यावर फोन वापरल्याचे गुण कापले जात होते, हे त्याला शिकवलेलं होतं. त्याने आईला कानडीत काहीतरी सांगितलं आणि फोन मॅडमच्या कानाला लावला. त्याची आई शांतव्वा तिकडून मोडक्यातोडक्या मराठीत बोलली. तिचा आवाज झाडापर्यंत ऐकू येत होता. माहेर लांब असलं म्हणून काय झालं, पंचमीला गडहिंग्लजला यायचं, झोका बांधते, पुरणाची दिंडं करते, हॉटेलचं खाऊन पोटात आग पडती, यायचं म्हंजे यायचं. मॅडमनी दोन-तीनदा "नाही, पण" असं म्हणून पाहिलं. शेवटी त्यांचा आवाज जरा खाली गेला.

"येते आई," त्या म्हणाल्या.

सोमशेखरने फोन खिशात टाकला, फाटक दोन्ही बाजूंनी सताड उघडलं आणि मॅडमच्या खांद्यावरची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. "चला अक्का. उन्हात का उभ्या."

मॅडम आत आल्या, ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "परका माणूस आत आला. नापास."

केरबांना घराचा सोपा दिसला, खुर्ची दिसली, वारणानगरची एसटी दिसली. त्यांनी सोमशेखरकडे वळून अगदी हळू विचारलं, "सगळं शिकवलं तुला. परक्या माणसाला आत घेतलास व्हय रं?"

"परकं कुठलं?" सोमशेखर म्हणाला. "परक्या हुत्या तवर उन्हातच हुभ्या केल्या की. अव्वानं पंचमीला बोलावलं, ह्या येते म्हणाल्या. आता बहीण दारात आल्यावर अडवू? उद्या अव्वा मला घरात घील का?"

केरबा खाकरले. "मॅडम," ते म्हणाले, "नातं निघालं तर रद्द, असं हाय न्हवं?"

"ते मानलेलं नातं झालं, चौगुले."

"पुस्तिकेत रक्ताचं असं लिवलंय?"

मॅडमनी पुस्तिका उघडली. नुसतंच 'नाते' असं होतं. "हे बघा, फोनवर माणूस सहज म्हणतो येते म्हणून."

"असं व्हय." केरबांनी मान हलवली. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, निव्वळ कुतूहल होतं. "म्हणजे जाणार न्हाय तुम्ही पंचमीला? म्हातारी झोका बांधून बसंल, म्हणून इचारतो."

नियम मोडायची मॅडमना सवय नव्हती, आणि खोटं बोलायची तर त्याहून नव्हती.

"जाणार आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी 'नापास' खोडून 'रद्द' केलं.

आता पेच असा पडला की, चौगुल्यांची परीक्षा घ्यायला माणूस कुठून आणायचा. मॅडमनी नागपूरला कळवलं की दूरचा, शक्यतो मराठी न येणारा, परका माणूस पाठवावा. तिकडून उत्तर आलं की शोध चालू आहे. तोवर उमेदवाराने रोज केंद्रात हजर राहणं भाग होतं. नुसतं बसवून काय ठेवायचं, म्हणून मॅडमनी त्यांना पुढच्या तुकडीचा चौकशीचा तास दिला. टेबल दिलं, खुर्ची दिली. पंखा होताच.

केरबांकडे शिकलेले लोक भराभर पास होऊ लागले. त्यांना प्रमाणपत्रं मिळाली, ते जागोजागी प्रशिक्षक झाले. त्यातलाच एक अमरसिंहाने आपल्या एजन्सीत काकांसाठी ठेवलेल्या जागेवर नेमला आणि काकांना येऊन तोंड लपवत सांगितलं. केरबांना राग आला नाही. तो माणूस कुठला, एवढंच त्यांनी विचारलं. आणि मामाचं गाव बरोबर निघाल्यावर आशीर्वाद दिला. स्वतः केरबा मात्र ना पास, ना नापास. मॅडम पंचमीला गडहिंग्लजला जाऊन आल्या, तेव्हा त्यांच्या हातात नवी बांगडी होती, आणि त्यांनाही पहिल्यासारखी घाई दिसेना.

एक दिवस पाचच्या ठोक्याला केरबा घरी आले. आत बायका बसल्या होत्या, चहाच्या कपांचा आवाज येत होता. हल्ली हे रोजचंच झालं होतं. दाराबाहेर चपला काढता काढता त्यांनी आवाज दिला.

"अजून न्हाय झालो पास. परका माणूसच मिळंना त्यांना."

"मग घाई करू नका म्हणावं," आतून विठाबाई म्हणाल्या. "सावकाश बघू देत. घाईघाईत भलताच कोणतरी मिळायचा."

"परका माणूस पायजे व्हय?" शेजारच्या धोंडुबाई मदतीला धावल्या. त्या स्वभावाने परोपकारी. "अगं, आमच्या पोराच्या कंपनीत मणिपूरचा एक पोरगा लागलाय. एकटाच हाय बघ. मराठी येत न्हाय, हिंदी येत न्हाय, कुणाला वळखत न्हाय—"

चपला काढताना केरबा तसेच एका पायावर थबकले. आत क्षणभर कपांचाही आवाज थांबला.

मग विठाबाईंनी धोंडुबाईंच्या बशीत न विचारता आणखी एक चकली वाढली.

"त्यो व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यो आमच्याच पावण्यातला हाय."